तळाशी ठेवलेले मणी

हरेशनं पिशवी उचलली आणि आत काहीतरी खुळखुळलं. लुंग्या, स्वेटर, सुक्या बोंबलांचा डबा बाजूला सारून त्यानं तळाशी हात घातला, तर रंगीत मण्यांची जाड पुडी, सुया आणि नायलॉनचा दोरा हाताला लागला.

मागं एकदा मासेमारी करताना बोटीनं समुद्रातली हद्द ओलांडली होती आणि पाकिस्तानच्या तुरुंगात त्यानं असेच मणी ओवत दिवस काढले होते. ‘हात रिकामे राहिले की माणूस वेडा होतो,’ असं सुटून आल्यावर त्यानंच बायकोला सांगितलं होतं.

“हे कशाला?” तो तिच्यावर खेकसला. “दर्याला नारळ देताना शपथ घेतली ना मी, हद्द ओलांडणार नाही म्हणून?”

नीरू भाकरी थापत राहिली. “घेतलीत. मग काल बोटीच्या शेठला फोनवर ‘मासळी पलीकडंच आहे, आणतो’ असं कोण म्हणालं?”

हरेशची मान खाली गेली. तो बोटीचा तांडेल होता; बोट कुठं न्यायची ते तोच ठरवणार होता. पुडी हातात तोलत तो पुटपुटला, “पण एवढे मणी?”

“तुम्हाला एकट्याला मूठभर पुरले असते,” ती म्हणाली. “खलाशांच्या बायकांना कुठं काय ठाऊक आहे? त्यांच्या नवऱ्यांच्या वाटणीचेही मीच घातलेत.”

बाहेर टेम्पोत बसलेले खलाशी हसत हाका मारत होते, “तांडेल, चला की!”

हरेशनं मणी काढून ठेवले नाहीत. बाहेरच्यांना त्यांचा आवाज जाऊ नये म्हणून त्यानं ते लुंगीत घट्ट गुंडाळले.