पहिला काप

इटलीतल्या त्रिएस्ते शहरात एत्सिओच्या दुकानात देशोदेशीचे पदार्थ मिळतात. पण नव्या चीजचा पहिला काप चाळीस वर्षं माझाच. मी मान डोलावल्याशिवाय ते विकलं जायचं नाही. आज सुरीच्या टोकावरचा काप माझ्या शेजारणीकडे, फेदोराकडे गेला. “मी काय मेलेय का रे?” “रागावू नका, मावशी. परवा तुम्ही नावाजलेलं चीज नासलेलं होतं,” तो हळूच म्हणाला. हिवाळ्यातल्या तापानंतर जीभ बधिर झाल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. “खारट,” फेदोरानं माझ्याच थाटात निकाल दिला. एत्सिओ ते मेंढीचं चीज परत पाठवायला निघाला. सुरीखाली त्याचा भुगा होताना मी पाहिलं होतं. “खारट कसलं, सुकलंय. दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव.” एत्सिओ फडकं भिजवायला गेला. फेदोराच्या हातातला उरलेला काप मी मागून घेतला आणि चव लागत नसतानाही सावकाश चघळला.