मगरीची दाढ

माझ्या लेकीला ल्युपस आहे. म्हणजे कुंपणानंच शेत खाणं. अंगातली राखणदार फौजच अंगावर उठते. आधी सांधे खाल्ले, आता हृदयाशी आलीय. डॉक्टरांनी बजावलंय, जिना दमानं चढायचा. पण 'थांब गं जरा' म्हटलं की बाई चिडतात. म्हणून जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी एक लोणकढी सोडतो. ती कठड्याला टेकून हसते, "बाबा, थापा!" म्हणते, आणि तेवढ्यात तिचा श्वास जागेवर येतो.

काल पहिल्या वळणावर मी मगरीवर बसून नदी ओलांडली. "थापा!" दुसऱ्या वळणावर त्याच मगरीच्या दुखऱ्या दाढेत लवंग ठेवली. उत्तरच नाही. वळून पाहिलं, तर लेक छाती धरून पायरीवर बसलेली, ओठ निळे.

दवाखान्यात तिला आत नेताना मी तिचा गार हात धरला. "काही नाही गं, डॉक्टर म्हणाले, उद्या घरी."

तिनं डोळे किलकिले केले. "ही थाप नाही जमली, बाबा. मगरीचं पुढे काय झालं?"

जन्मात पहिल्यांदाच मला पुढचं सुचेना.