तासाभराची विश्रांती

डॉक्टरांनी बटण दाबलं. काही झालं नाही. मग त्यांनी तेच बटण जरा आदराने दाबलं. तरीही काही झालं नाही.

डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटरचे डॉक्टर. त्यांची हयात विमा कचेरीत अर्ज तपासण्यात गेली होती. ही पदवी त्यांना इमारतीने बहाल केली होती. घरचा कॉम्प्युटर कितीही वेळा बंद पडला तरी त्यांनी तो बाहेरच्या माणसाच्या हाती म्हणून दिला नव्हता. उपचार ठरलेला होता. मशीन उघडायचं, हाताला येईल ती वायर काढून पुन्हा खोचायची, दिसेल तो स्क्रू आवळायचा, समोर येईल त्याच्यावर खेकसायचं आणि मग मशीनला तासभर विश्रांती देऊन आपण फिरायला जायचं. परत येऊन बटण दाबलं की मशीन सुरू. "यंत्र झालं म्हणून काय, त्यालाही दम लागतो," असं ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवत. या उपचाराला आजवर एकदाही अपयश आलं नव्हतं. म्हणून तर उद्या सकाळी समोरच्या रस्त्यावरच्या गाळ्यात त्यांचं दुरुस्तीचं दुकान उघडणार होतं. पाटी रंगवून, वाळवून, दोनदा कौतुक करून झाली होती.

दुकानात नमुना म्हणून मांडायला त्यांनी आपल्याच मशीनसाठी नवं कॅबिनेट आणलं. एका अंगाला काच, आत निळे दिवे. जुन्या पत्र्याच्या खोक्यातले सगळे भाग त्यांनी सकाळभर खपून नव्यात बसवले. काही स्क्रू उरले. कंपनी उदार दिसते, असं म्हणून ते त्यांनी खिशात टाकले. सोबत आलेली माहितीपुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली उपयोगी पडली.

आणि आता मशीन ढिम्म. डॉक्टरांनी चपला चढवल्या.

"मीही निघते," बायको म्हणाली. "बहिणीकडे जाऊन येते."

"जा. मशीनला तेवढीच शांतता."

तासाभराने ते परतले. बटण दाबलं. काच काळीच राहिली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई आल्या, चादरीत गुंडाळलेला आपला कॉम्प्युटर पोटाशी धरून.

"डॉक्टर, उद्या तुमच्याकडे रांग लागेल, म्हणून आजच आणला. कोर्टाचे सगळे कागद यातच आहेत. परवा तारीख आहे, तुमच्या भरवशावर सोडते." त्यांनी काचेच्या कॅबिनेटकडे पाहिलं. "हा का बंद?"

"विश्रांती घेतोय."

"घेऊ दे, घेऊ दे," वकीलबाई म्हणाल्या आणि आपलं गाठोडं टेबलावर ठेवून गेल्या.

डॉक्टरांनी मशीन पुन्हा उघडलं. पुन्हा वायरी खोचल्या. काही नाही. ज्याला पोटच्या पोरासारखं जपलं, त्याने ऐन वेळी केसाने गळा कापला होता. त्यांनी कॅबिनेट विकणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली, मग वीज मंडळाची. बायको दारातून आत आली तेव्हा यादीत तिचाच क्रमांक होता.

"आलीस? पंखा कोणी लावलाय? इथे माणूस मरतोय आणि ही हिंडतेय."

तिने पिशवी ठेवली, चष्मा लावला आणि उघड्या कॅबिनेटमध्ये डोकावली. पर्समधून भुवया कोरायचा चिमटा काढला. बटणाकडून आलेल्या दोन बारीक वायरी एक पिन सोडून शेजारी बसल्या होत्या. तिने त्या उपटल्या, जागेवर बसवल्या आणि बटण दाबलं. निळे दिवे लागले. आतला पंखा घुमला. पडदा उजळला.

डॉक्टरांनी काचेवरून हात फिरवला.

"बघ," ते म्हणाले. "नवं कॅबिनेट आहे, विश्रांती थोडी जास्त लागली."

"नाही हो. आज मी घरात नव्हते, एवढंच."

डॉक्टरांनी बटणाकडे पाहिलं, मग दारातल्या चपलांकडे.

"म्हणजे... दर वेळी?"

"दर वेळी. तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत थांबायचे."

डॉक्टर खुर्चीत बसले. शेजारीच चादरीतलं गाठोडं होतं. ते त्यांनी हाताने जरा लांब सरकवलं.

"घरातल्या घरात फसवलंस मला," ते म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही. "जगाने फसवलं तर माणूस घरी येऊन सांगतो. मी आता कुणाला सांगू?"

"जगाला काही माहीत नाही. मी कुणाला बोलले नाही."

"मग आजच का?"

"गाळ्यात मी कुठे लपू? आणि वकीलबाई आत्ता जिन्यात भेटल्या. परवा तारीख आहे त्यांची, त्यांना विश्रांती सांगणार का?"

डॉक्टरांनी खिशातले उरलेले स्क्रू काढून टेबलावर ठेवले.

"पहिल्याच वेळी का नाही सांगितलंस?"

तिने चिमटा पदराला पुसला.

"सांगणारच होते. पण मशीन सुरू झालं, आणि तुम्ही मला विचारलंत, 'तू जेवलीस का?' लग्नानंतर पहिल्यांदा."