चुन्याचे दोन हात

"काकू, संकेत म्हणाला ती भेग कुठे गेली?" पडक्या घरांचे फोटो काढायला आलेली अनुष्का कॅमेरा गळ्यात अडकवून भिंतीपुढे उभी होती.

"बुजवली," सुशीलाबाई म्हणाल्या. "तू येणार म्हणून पहाटेच आले. सिमेंट भरलं, वरून चुन्याचे दोन हात मारले."

संकेतने कपाळावर हात मारला. नालासोपाऱ्यातली ही इमारत दोन वर्षं रिकामी पडली होती. जिन्याचे कठडे गळून गेले होते, गच्चीवर झाडं वाढली होती. आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीपुढे आज रांगोळी होती, चौकटीला आंब्याचा डहाळा होता.

"आई, घर पडकं दिसलं नाही तर नव्या इमारतीच्या यादीत आपलं नाव लागणार नाही. आज शेवटचा दिवस. फोनवर चारदा सांगितलं तुला!"

"सांगितलंस रे. पण परकं माणूस घरात येणार. केर तसाच ठेवू?"

कोपऱ्यात, जिथे गज उघडे पडले होते, तिथे दत्ताचं कॅलेंडर टांगलं होतं. संकेत तिकडे वळला.

"चप्पल काढून हात लाव."

त्याने दात आवळून चप्पल काढली, कॅलेंडर उतरवलं. मागेही चुनाच होता.

मग त्याने खिशातली किल्ली काढून भिंतीवर ओढली. ओला चुना नुसताच फासला गेला.

"अजूनच गुळगुळीत दिसतंय," अनुष्का म्हणाली. "मला चारच्या आत फोटो पाठवायचेत हो."

"मग मी काय करू? डोकं आपटू भिंतीवर?" संकेत ओरडला.

सुशीलाबाई ओट्याकडे वळल्या. सोमवारचा उपास, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ओट्याखालची थापी त्यांनी उचलली आणि भेगेत खुपसली. सिमेंटचा लगदा सुटला. पाठोपाठ जुना गिलावाही धपकन खाली आला. त्यांनी पुन्हा थापी घातली. मग पुन्हा. गंजलेले गज उघडे पडले तरी त्या थांबेनात.

"आई, बस," संकेत हळूच म्हणाला. "झालं."

अनुष्काने कॅमेऱ्यातून पाहिलं. "आता एकदम बरोबर. काकू, हा नाव आणि खोली नंबरचा कागद हातात धरून उभ्या राहा. फोटोत मालक लागतो."

सुशीलाबाईंनी साडीवरची धूळ झटकली, पदर सारखा केला आणि कागद धरला.

"जरा खाली, काकू. चेहरा झाकतोय."

त्यांनी कागद आणखी वर घेतला.