शंकाकाकांचं माळरान

शंकाकाकांनी हात वर केला, तसा समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो काका, आत्ता कुठे पत्ते पिसलेत!"

"पिसण्याबद्दलच शंका आहे."

पत्त्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी सामने व्हायचे. आठ टेबलं, सोळा खेळाडू, एक पंच. खेळाडूने हात वर केला की पंचाने टेबलापाशी यायचं आणि उत्तर द्यायचं, मग शंका कितीही बावळट असो, असा नियम होता. काकांना हा एकच नियम येतो, बाकी सगळा आनंद आहे, असं अख्ख्या खोलीचं मत होतं.

पंचबाई आल्या. साठीच्या, ताठ. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजवायची वेळ कधी आलीच नव्हती. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणूस जागच्या जागी बसायचा.

"बोला."

"पत्ते सात वेळा पिसायचे की आठ?"

"कितीही. पुरेसे मिसळले म्हणजे झालं."

"पुरेसे म्हणजे?"

"तुमचं समाधान होईपर्यंत."

"मग कठीण आहे."

पंचबाईंच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला, आणि त्या वळून गेल्या. काका त्या गेल्या त्या दिशेला बघत राहिले.

डॉक्टर पुढे वाकले. "काका, शनिवारी नवा शर्ट, गुळगुळीत दाढी. आम्हाला काय कळत नाही होय? बाईंना सरळ चहाला विचारा की! हा काथ्याकूट कशाला?"

"चहाला विचारलं तर उत्तर यायचं नाही."

"कशावरून?"

"चहाचा नियम नाही ना पुस्तकात. खेळा तुम्ही."

गंमत म्हणजे काकांना नियमपुस्तक तोंडपाठ होतं. गेलं दीड वर्ष काका आठवडाभर पुस्तक घोकायचे आणि त्यातून न समजण्यासारखं काहीतरी शोधून काढायचे. तेवढाच विरंगुळा. घरात फ्रिज घरघरायचा, घड्याळ टिकटिकायचं, आणि काकांशी बोलणारं म्हणाल तर तेवढंच. परवा तर वजनकाट्यावर उभं राहून काकांनी त्यालाच विचारलं होतं, "काय रे, बरा आहेस ना?"

आता मात्र शनिवारवर संकट आलं होतं. सलग तीन सामने जिंकणारा वरच्या गटात जायचा. वरचा गट रविवारी, दुसऱ्या हॉलमध्ये, आणि तिथला पंच दुसराच, कुणीतरी मिशाळ गृहस्थ. काका जन्मात जिंकले नव्हते. पण दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या शंकांना कंटाळून एक शिक्षक पत्ते टाकून घरी निघून गेले. मागच्या शनिवारी एका शिंपिणीला उचकी लागली ती थांबेना, तिने सामना सोडला. दोन विजय झाले. आज हरणं भाग होतं.

तयारी चोख होती. या खेळात जमिनीचे पत्ते असतात आणि योद्ध्यांचे. जमिनी बळ देतात, योद्धे लढतात. काकांनी गड्डीतले सगळे योद्धे काढून टाकले आणि साठच्या साठ जमिनीच भरल्या. कमी पडलेल्या जमिनी दुकानातल्या टाकाऊ पत्त्यांच्या खोक्यातून मूठभर उचलल्या. दलदल, टेकडी, खाजण, हाताला लागेल ते. लढायला कुणी नाही म्हटल्यावर जिंकणार कोण, कप्पाळ?

डॉक्टरांनी एकेक योद्धा उतरवला. काकांनी शांतपणे दलदल मांडली, मग टेकडी, मग खाजण, आणखी दोन टेकड्या. मार खात राहिले. वीसपैकी चार जीव उरले. काका मनातून खूश. सहाव्या पाळीला त्यांनी एक मळकट पत्ता टाकला. माळरान.

डॉक्टरांनी पत्ता उचलला, डोळ्यांजवळ नेला. त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला.

"काका... हे वाचलंत तुम्ही?"

स्वल्पविरामावर शंका काढणाऱ्या माणसाने नेमका हाच पत्ता वाचला नव्हता. हात वर गेला.

पंचबाईंनी वाचून दाखवलं. "'ज्याच्यापाशी एकही योद्धा नाही, त्याच्या सर्व जमिनी राक्षस होऊन उठतात.'"

"सर्व?"

"सर्व."

"लगेच?"

"लगेच."

"टेकडीसुद्धा? अहो, टेकडी कशी उठेल?"

"उठते. पुस्तकात आहे."

सहा राक्षस उठले. डॉक्टर एका फटक्यात गारद झाले. खोलीत टाळ्या वाजल्या, दुकानदार गल्ला सोडून धावत आला. "काका, जिंकलात की! चला वरच्या गटात! पेढे द्या!"

काका टेबलाची कड धरून बसून राहिले. त्यांनी पुन्हा हात वर केला. पंचबाई समोरच उभ्या होत्या, तरी केला.

"मला खालीच राहायचं असेल तर?"

"तसा नियम नाही."

मग पंचबाईंनी काकांचे सगळे पत्ते गोळा केले. "तिसऱ्या विजयाला गड्डी मोजावी लागते," असं म्हणून त्या खिडकीपाशी उजेडात गेल्या. सगळ्यांकडे पाठ करून सावकाश मोजत राहिल्या.

"एकोणसाठ. एक पत्ता कमी. विजय रद्द." त्यांनी गड्डी टेबलावर ठेवली. "पुढच्या शनिवारी पुन्हा इथेच. शंका लिहून आणा, म्हणजे विसरणार नाहीत."

डॉक्टरांनी आनंदाने आरोळी ठोकली. काकांनी सकाळी तीनदा मोजले होते. साठ. पण दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांनी शंका काढली नाही.

संध्याकाळी ते घरी पोचले. शर्ट खुंटीला लावला, भाजी चिरून फोडणीला टाकली, पोळ्या गरम केल्या, ओटा पुसला. अर्ध्या तासाने दारात किल्ली फिरली. पंचबाई आत आल्या, गळ्यातली शिट्टी काढून खणात ठेवली, आपलं ताट वाढून घेतलं आणि गेली नऊ वर्षं करत होत्या तसंच, नवऱ्याशी एक अक्षरही न बोलता, आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.