थंडाक्काचं वाक्य

"अहो, आज मी जिवंत आहे!"

थंडाक्काने रंगभूषाकाराचा हात वरच्या वर धरला. सवयीने त्याने राखाडी पावडरीचाच डबा उघडला होता. त्याने जीभ चावली आणि लाली शोधायला घेतली. हिच्या गालांना लाली लावायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. मराठी सिनेमात अक्काइतकं कोणी मेलं नसेल. आजी म्हणून मेली, मावशी म्हणून मेली, ऐन तारुण्यात सवतीच्या हातून मेली. एकदा म्हणे तिच्या नाकावर माशी बसली, कंटाळली आणि तिथेच झोपी गेली, अक्का ढिम्म. शूटिंग बघायला आलेल्या एका डॉक्टरने तर चपला काढून हात जोडले होते.

आज मात्र तिला वाक्य मिळालं होतं. मेलेल्या मुलीच्या उशाशी बसून आईने म्हणायचं, 'ऊठ बाळ, दूध उतू जाईल.' सकाळपासून ती ते आरशाला, जिन्याला, चहाच्या कपाला म्हणून दाखवत होती.

"अक्का, एकदाच घेणार," दिग्दर्शक म्हणाला. "नायिकेला विमान गाठायचंय. चुकलात तर वाक्य काढून टाकीन. नुसत्या रडा."

"चुकते कशाला! तोंड मिटून पडणं अवघड. उघडायला काय लागतं?" म्हणाली खरी, पण जाता जाता दाराच्या कडीलाही वाक्य एकदा म्हणून दाखवलं.

नायिका पांढऱ्या चादरीखाली आडवी झाली. पापण्या नुसत्या फडफडत होत्या. अक्काला राहवेना.

"पोरी, श्वास पोटात ने. छातीत ठेवलास की पकडली जातेस."

"ॲक्शन!"

अक्काने पोरीच्या कपाळावरची बट मागे सारली.

"ऊठ बाळ, दूध उतू जाईल."

असं म्हणाली, की पलीकडच्या चहावाल्याने धावत जाऊन शेगडी बंद केली.

आणि प्रेताच्या डोळ्यातून एक टपोरा थेंब निघून कानाकडे घरंगळला. दिग्दर्शकाने 'कट' म्हणायला तोंड उघडलं. अक्काने ते तिरप्या नजरेने टिपलं. गेलं की वाक्य!

तिने पदराने तो थेंब पुसला आणि वाकून म्हणाली, "तू नको रडूस गं. आज रडायची पाळी माझी."

दिग्दर्शकाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कॅमेरा चालू तो चालूच. शेवटी कॅमेरावाल्याने डोळे पुसत नाक वर ओढलं, तेव्हा कुठे दिग्दर्शक भानावर आला.

"अक्का, मी एकच वाक्य दिलं होतं. हे दुसरं कुठून आणलंत?"

थंडाक्काचे कानसुद्धा लाल झाले होते, आणि तिथे तर लाली लावलेली नव्हती.

"पडल्या पडल्या साठलंय हो," ती म्हणाली. "अजून पुष्कळ आहे. काढू?"

दिग्दर्शक घड्याळाकडे बघायला लागला. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला.

"काढा, अक्का. विमान गेलं तरी चालेल."