घाट चढणारा कार्बोरेटर

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दादाभाऊंची पांढरी फियाट आळेफाट्यावर जानकू मिस्त्रीच्या गॅरेजसमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर त्यांची बायको कुशाबाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नवाकोरा सदरा.

"गाडी चंदनापुरीच्या घाटात दम सोडती," दादाभाऊ म्हणाले. "मोठा कार्बोरेटर बसवायचाय."

जानकूने बॉनेट उघडलं. "बोरीहून रोज दूध घालता जुन्नरला. घाट कशाला पायजे तुमाला?"

"नाशकाकडं जायचंय. पोरगं, स्वराज, तिकडंय. भाडं घेऊन गेला आन् तिकडंच राहिला."

"मग टॅक्सीवालाच की. त्यालाच सांगा न्यायला."

"पहिली फियाट त्याच्याकडंच हाय. ही आमी मागनं घेतली. त्या गाडीला मोठा कार्बोरेटर हाय, खाली प्लेट घालून बसवलेला. घाट एका दमात चढती."

"त्यानं कुठून आणला, इचारा की."

"बोलणं न्हाई सध्या," दादाभाऊ म्हणाले.

जानकूने कुशाबाईकडे पाहिलं आणि विषय सोडला. मायलेकरांची गाठ पडायची म्हणजे गाडी घाट चढली पाहिजे, एवढं त्याला कळलं.

त्याने नवा कार्बोरेटर दाखवला. दादाभाऊंना जुनाच हवा होता, प्लेटसकट. जानकूने आतून एक आणला. दादाभाऊंनी तो उलटा करून पाहिला आणि परत दिला. दुसऱ्याचंही तेच झालं.

"काय राव, नवरी बघताय का? खालून-वरून!"

"अजून हाय का?"

"माझ्या आधी किती गॅरेजं पालथी घातली?"

"फाट्यावरची सगळी."

जानकू हसला. पत्र्याखालच्या ढिगातून त्याने तिसरा ओढून काढला. खाली जाड लोखंडी प्लेट होती, हाताने कानस मारलेली. दादाभाऊंनी ती उलटी केली. एका कोपऱ्यात पितळेचा पिवळा ठिपका होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"कुण्या अडाण्यानं भोक चुकवलंय," जानकू म्हणाला. "मग पितळ भरून बुजवलं. पर काम पक्कंय."

"असंल," दादाभाऊ म्हणाले. "हाच बसव. घरच्यांना दाखवून आणतो."

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

दादाभाऊंनी खिडकीतून प्लेट आत धरली. कुशाबाईने पाहिलं. मग सदऱ्याची घडी पिशवीत खोल सारली.

दुपारपर्यंत काम झालं. जानकूने पेट्रोलचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, कान देऊन ऐकलं, पुन्हा थोडा आवळला. इंजिन एका सुरात लागलं. त्याने अॅक्सिलरेटर ओढला तसा मोठा कार्बोरेटर हवा ओढू लागला, खोल, दीर्घ श्वासासारखी. कुशाबाईने डोळे मिटून घेतले.

"बघा काकू! आता घाट हसत चढंल. पोरगं बघतच राहील!"



"आमच्या पावण्याला बी एक असाच पायजे," दादाभाऊ म्हणाले. "माल कोण आणतं?"

"हाय एक भंगारवाला. घाटाकडून येतो, गुरुवारी. नाव न्हाई इचारलं कधी."

"गुरुवारी येतो मग."

फियाट फाट्यावरून निघाली. नाशिकचा रस्ता मागे टाकून बोरीकडे वळली. गाडी आता कुठेच अडखळत नव्हती.

"तुमचंच भोक ना ते?" कुशाबाईने विचारलं.

"माझंच. स्वराज हसला व्हता मला."

"म्हंजी भाड्यानं नेणाऱ्यांनी गाडी मोडून इकली," ती म्हणाली. "आन् गाडीतलं माझं पोरगं?"